एका गुणाच्या फरकाने : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळकरी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या

महोदय,

सहा ते पंधरा वर्षांच्या मुलाची बुद्धी मोजायची ठरली की महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णालयांत आजही जी पेटी टेबलावर येते, तिचे गाव नागपूर. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात आर्थर मॅलिन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेश्लर यांच्या १९४९ च्या बालचाचणीला भारतीय रूप दिले आणि १९६९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ‘मिसिक’ या नावाने ही चाचणी ओळखली जाते. पेटीत लाल-पांढरे ठोकळे असतात, तुकडे जुळवून पूर्ण करायची चित्रे असतात, पेन्सिलने वाट शोधायचे भूलभुलैये असतात आणि परीक्षकाच्या हातात स्टॉपवॉच असते. मूल ठोकळे फिरवते, कार्डावरची नक्षी जमवू पाहते, मधेच परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघते. त्या क्षणी परीक्षकाने ‘शाब्बास, बरोबर’ म्हणायचे नसते आणि नाराजीही दाखवायची नसते. किती सेकंद गेले ते नोंदवायचे. मूल दमले आहे, घाबरले आहे की चष्मा घरी विसरले आहे हेही टिपायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. तास-दीड तासाने या सगळ्याचा मिळून एक आकडा तयार होतो.

त्या आकड्यापाठोपाठ कायदा येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. पुढे उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षणाची वाट खुली होते. हे टक्के कसे काढायचे, ते केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत सांगितले होते. बौद्धिक अक्षमतेसाठी तिथे व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता चाचणी होती. गुण ५५ ते ६९ असतील तर दिव्यांगत्व ५० टक्के, ७० ते ८४ असतील तर २५ टक्के. त्या हिशेबात ६९ गुणांच्या मुलाला कायद्याचे संरक्षण आहे. ७० गुणांचे मूल त्या उंबऱ्याबाहेर उभे आहे. दोघांच्या शाळेत, घरात, शिकण्याच्या वेगात फरक दिसेलच असे नाही, पण कागदावर दोघे वेगळ्या जगात राहतात.

एका गुणाला एवढे वजन देता येते का, याचे उत्तर मानसशास्त्राने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. कोणत्याही चाचणीचा गुण हा अंदाज असतो आणि त्या अंदाजाला दोन्ही बाजूंनी त्रुटीची किनार असते. तेच मूल पुढच्या आठवड्यात, पोटभर नाश्ता करून, ओळखीच्या खोलीत बसले तर दोन-चार गुण इकडचे तिकडे होतात. हे मोजता येते. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असलेल्या पट्टीवर चाचणीची विश्वसनीयता ०.९० असेल, म्हणजे ती चांगली चाचणी असेल, तरी मापनाची प्रमाण त्रुटी पावणेपाच गुणांच्या घरात जाते. मुलाला ७२ गुण पडले, तर त्याचा खरा गुण ६३ ते ८१ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. सत्तरचा उंबरा त्या पट्ट्याच्या आतच आहे.

अमेरिकेत हा प्रश्न जिवावर बेतला, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयात गेला. बौद्धिक अक्षमता असलेल्याला मृत्युदंड देता येत नाही, असे त्या न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले होते. फ्लोरिडा राज्याने त्यासाठी ७० ची कडक रेघ आखली. हॉल नावाच्या कैद्याचा बुद्ध्यांक ७१ भरला, आणि त्यापुढचा कोणताही पुरावा मांडण्याचा त्याचा हक्कच राज्याने नाकारला. २०१४ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फ्लोरिडाची रेघ घटनाबाह्य ठरवली. चाचणीच्या त्रुटीचा पट्टा विचारात घ्यावाच लागेल, आणि गुण त्या पट्ट्यात पडत असतील तर माणसाच्या प्रत्यक्ष जगण्याचा पुरावा ऐकावा लागेल, असे ते म्हणाले. आपल्याकडच्या मुलाच्या गळ्याशी फास नाही. पण त्याच्या हातातून जाते ते शाळेचे वर्ष, आणि तेही परत मिळत नाही.

महोदय, चाचण्यांवर राग धरून हे पत्र लिहिलेले नाही. मानसशास्त्रीय चाचणी ही माणसाने स्वतःबद्दल शोधलेल्या मोलाच्या साधनांपैकी एक आहे. आळशी, मठ्ठ, हट्टी म्हणून वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या मुलाला अक्षरे ओळखण्यातच अडचण आहे आणि बुद्धी मात्र उत्तम आहे, हे जेव्हा एका अहवालातून कळते, तेव्हा अख्ख्या घराचा सूर बदलतो. म्हणूनच ती कशी वापरली जाते याची काळजी घ्यायला हवी.

आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पहिली चाचणी रचली, ती फ्रान्सच्या शिक्षण खात्याला पडलेल्या प्रश्नातून. सक्तीच्या शिक्षणामुळे शाळेत आलेल्या मुलांपैकी कोणाला जास्तीची मदत लागेल, ते शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता कसे ओळखायचे, हा तो प्रश्न होता. तीस छोट्या कामांची ती मालिका होती. हा आकडा म्हणजे मुलाची जन्मजात, न बदलणारी बुद्धी, असे बिने यांनी कधी मानले नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग, वेगळे व्यायाम हाच त्यांचा ध्यास होता. १९११ मध्ये ते गेले. चाचणी अमेरिकेत पोहोचली ती न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या शाळेतले हेन्री गॉडर्ड यांच्यामार्फत, आणि तिथे तिचा अर्थच फिरला. एलिस बेटावर जहाजातून उतरलेल्या, थकलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या स्थलांतरितांना गॉडर्ड यांच्या सहकाऱ्यांनी दुभाष्याकरवी प्रश्न विचारले, आणि तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन लोकांपैकी पाचात चार ‘मंदबुद्धी’ असल्याचा निष्कर्ष १९१७ मध्ये छापून आला. त्याच व्हाइनलँडमध्ये पुढे एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये सामाजिक परिपक्वतेची चाचणी रचली. तिचेही भारतीय रूपांतर मॅलिन यांनी नागपुरात केले, आणि २०१८ च्या अधिसूचनेत नाव होते ते तिचेच.

साधन चांगले असूनही ते कुणाच्या मुलांवर घडवले आणि कुणाच्या मुलांवर चालवले, यावर निकाल उलटतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काही कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यांकाच्या आधारे ‘शिकण्यायोग्य मतिमंद’ मुलांच्या वर्गात टाकले होते. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्या मुलांची ओळख करून घेऊन, त्यांना समजेल अशा भाषेत पुन्हा चाचणी घेतली, तर ती त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर निघाली. लॅरी पी. या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कॅलिफोर्नियात अशा वर्गांसाठी कृष्णवर्णीय मुलांवर बुद्ध्यांक चाचणी वापरायला मनाई केली.

आता आपल्या राज्यात या. नंदुरबारच्या आश्रमशाळेतले मूल घरी भिली किंवा पावरी बोलते, मेळघाटातले कोरकू बोलते, गडचिरोलीतले गोंडी किंवा माडिया बोलते. प्रमाण मराठी ही त्यांच्यासाठी शाळेत भेटलेली दुसरी भाषा आहे. शब्दसंग्रह, सामान्य ज्ञान, समज तपासणारे प्रश्न त्या भाषेत विचारले तर मोजली जाते ती मराठीशी झालेली ओळख. बीडचे ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीनंतरचे कित्येक महिने फडावर असते. त्याच्या गणिताच्या उत्तरात शाळेची गैरहजेरी किती आणि क्षमता किती, हे आकडा सांगत नाही. ते सांगू शकतो तो परीक्षक, त्याला वेळ मिळाला आणि त्याने विचारले तर. ठोकळ्यांसारखा अशाब्दिक भाग भाषेच्या पलीकडे आहे असे म्हणतात, तेही अर्धेच खरे आहे. ज्या घरात मुलाने कधी असे ठोकळे हाताळले नाहीत, त्या घरातले मूल घड्याळ लावलेल्या परीक्षेत आधी ठोकळ्यांशी ओळख करून घेण्यात सेकंद घालवते.

यापेक्षाही मोठा, आणि पूर्णपणे आपल्या हातातला, दोष आहे मानकांचा. चाचणीत मुलाने पन्नासपैकी किती उत्तरे दिली याला स्वतःचा अर्थ नसतो. त्याच्या वयाच्या इतर मुलांनी सरासरी किती दिली, त्या तुलनेतून गुण निघतो. ती ‘इतर मुले’ कोण आणि कधीची? मिसिकच्या बाबतीत ती १९६० च्या दशकातली. आपल्याकडे वापरात असलेली दुसरी चाचणी, बिने-कामत, त्याहून जुनी. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या मुलांवर काम करून बिने यांच्या चाचणीला कानडी आणि मराठी रूप दिले; त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. मराठीत बोलणाऱ्या मुलासाठी मराठीत घडवलेली चाचणी ही त्या काळात फार दूरदृष्टीची गोष्ट होती आणि कामतांचे ऋण मान्यच करायला हवे. पण आज पुणे जिल्ह्यातल्या मुलाची तुलना त्याच्या पणजोबांच्या पिढीतल्या मुलांशी करायची का?

हा केवळ जुनेपणाचा मुद्दा नाही. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांतील आकडे एकत्र करून दाखवले की एकाच चाचणीवरचे गुण पिढीगणिक वर सरकतात, साधारण दशकाला तीन गुण. आहार, शाळा, चित्रे आणि पडदे पाहण्याची सवय, छोटी कुटुंबे, कारणे अनेक असतील. परिणाम मात्र एकच : मानके जुनी राहिली तर आजच्या प्रत्येक मुलाचा गुण फुगून येतो. मठ्ठ नसलेल्या मुलावर मठ्ठपणाचा शिक्का बसेल अशी भीती आपल्याला वाटते; जुन्या मानकांचा धोका नेमका उलट दिशेचा आहे. ज्याला खरोखर मदत हवी, त्याचा गुण सत्तरच्या वर दिसतो आणि त्याची फाइल बंद होते. ज्या आईने लेकराला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या तीन-तीन फेऱ्या मारल्या, तिला सांगितले जाते की मूल ‘सीमारेषेवर’ आहे.

अध्ययन अक्षमतेबाबत महाराष्ट्राने कधीकाळी देशाला वाट दाखवली. १९९६ पासून इथे अशा मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, भाषेची सूट अशा सवलती मिळू लागल्या. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम, नायर अशा महापालिका रुग्णालयांतल्या केंद्रांनी हजारो मुले तपासली. २०१८ च्या अधिसूचनेने या मुलांसाठी आठ वर्षांनंतरच प्रमाणपत्र, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी अशी पद्धत ठरवली आणि बुद्ध्यांकासाठी मिसिक किंवा वेश्लर यांची चाचणी सांगितली. मुंबई-पुण्याबाहेर हे करायला माणसेच कमी आहेत. पालक मग मिळेल तिथून अहवाल आणतात, आणि कुठे कुठे तर आधी घरी प्रश्न घोकून घेतलेले मूल चाचणीला बसते. चाचणीचे प्रश्न फुटले की ती कामातून गेली; म्हणूनच मानसशास्त्रज्ञ तिच्या पेट्या कुलपात ठेवतात आणि प्रश्न कुठेही छापत नाहीत.

आणि अहवाल. पाच-सहा पानांचा, इंग्रजीत, आकड्यांचे तक्ते, ‘बिलो ॲव्हरेज’, ‘बॉर्डरलाइन’ असे शब्द. समोर बसलेल्या पालकांचे शिक्षण मराठीत झालेले असते, कधी सातवीपर्यंतच. चाचणी घेणाऱ्याने निकाल समजावून सांगणे हा चाचणीचाच भाग असतो, उपकार नव्हे. ज्याचे मापन झाले त्याला ते कळण्याचा हक्क आहे. मुलालाही, त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत. हाच आकडा वर्गशिक्षिकेने सगळ्यांसमोर वाचून दाखवणे, शिक्षकांच्या खोलीत त्यावर चर्चा होणे, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणे, हे सारे गोपनीयतेचे उल्लंघन आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ या दोन्हींचा रोख मुलाची ही माहिती जपण्याकडेच आहे.

शासनाने स्वतः राबवलेल्या चाचणीबद्दलही बोलले पाहिजे. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या लाखो विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. कृषी, वाणिज्य, ललित कला, मानव्यविद्या, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतला कल त्यातून सांगितला जाई. हेतू चांगला होता. दहावीनंतर कुठे, हा प्रश्न गावोगावी खरा आहे. पण कल म्हणजे आवड, आणि आवड म्हणजे क्षमता नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलाला आवडते तेच, जे त्याने पाहिलेले असते. ज्या गावात पोलीस, फौजी आणि शिक्षक हेच नोकरदार दिसतात, तिथल्या मुलाने गणवेशधारी सेवेवर खूण केली तर त्यातून त्याच्याबद्दल फार काही कळत नाही. अहवाल हातात पडल्यावर त्यावर तासभर बोलायला बसणारा समुपदेशक बहुतेक शाळांत नव्हता. चाचणी घेणे सोपे असते. खर्च आणि वेळ लागतो तो नंतरच्या संवादाला, आणि तोच भाग गळाला. अशी चाचणी पुन्हा आणायचा विचार झाला, तर आधी समुपदेशक नेमावेत, चाचणी मागून आणावी.

सर्वात तातडीचा विषय मुद्दाम शेवटी घेतला आहे. अनेक शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, खासगी एजंट शाळांमध्ये जाऊन पालकसभेत बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ विकतात. दहाही बोटांचे ठसे स्कॅन करतात, काही हजार रुपये घेतात आणि रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल देतात : मूल डॉक्टर होईल की कलाकार, मेंदूची उजवी बाजू जोरात की डावी, जन्मतःच कोणती बुद्धी किती टक्के. पालकांना ते विज्ञान वाटते, कारण त्यात विज्ञानाचे तुकडे आहेत. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात हे खरे. डाउन सिंड्रोमसारख्या काही स्थितींत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हेही खरे. बुद्धी अनेक प्रकारची असते हा हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा सिद्धांतही खरोखर मांडला गेला आहे. पण या तिन्ही गोष्टींवरून निरोगी मुलाच्या ठशातून त्याचे करिअर निघत नाही. गार्डनर यांनी स्वतः आपल्या सिद्धांताचा ठशांशी लावलेला संबंध मान्य केलेला नाही, आणि इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचे जाहीर केले. चाचणी ज्या गोष्टीचे मापन करते म्हणते तेच ती मोजते का, यालाच सप्रमाणता म्हणतात, आणि ती इथे नाही. सप्रमाणता नसलेल्या चाचणीचा निकाल दर वेळी सारखाच आला, तरी तो दर वेळी चुकीचाच असतो. पाच वर्षांच्या मुलीला ‘गणित हिच्या बोटात नाही’ असे लिहून दिले की घरात गणिताचे पुस्तक उघडायलाच कुणी फारसे धजत नाही.

महोदय, काय करता येईल ते अवघड नाही. ठशांची चाचणी शाळेच्या आवारात विकायला, तिची पत्रके वाटायला आणि पालकसभेत तिचा प्रचार करायला बंदी करणारे एका पानाचे परिपत्रक आपले खाते उद्या काढू शकते. त्याला निधी लागत नाही. शाळेत कोणतीही चाचणी घ्यायची तर पालकांची लेखी, समजून दिलेली संमती हवी, घेणारा प्रशिक्षित आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावा, आणि निकाल मराठीत किंवा घरच्या भाषेत समजावून द्यावा, हेही त्याच परिपत्रकात घालता येईल. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवणारी अधिसूचना केंद्राची आहे. पण त्रुटीचा पट्टा लक्षात घेऊन, सीमेवरच्या मुलांसाठी आकड्याच्या जोडीला घर आणि शाळेतला पुरावा पाहण्याची मागणी राज्याने केंद्राकडे ठामपणे मांडावी.

मोठे काम मानकांचे आहे. त्यासाठी माणसे महाराष्ट्रात आहेत. पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका कित्येक दशके बुद्धीच्या चाचण्यांवर मराठीत काम करते आहे. राज्यातल्या विद्यापीठांत मानसशास्त्राचे विभाग आहेत. कामतांनी धारवाडमध्ये जे एकट्याने उभे केले, ते आज पाच-सात संस्थांनी मिळून करावे : कोकणापासून गडचिरोलीपर्यंतच्या मुलांवर नवी मानके, आणि भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत सूचना आणि वेगळी पडताळणी. तीन वर्षांचे काम आहे आणि त्याचा खर्च एका मोठ्या इमारतीपेक्षा कमी असेल.

विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. ठशांच्या चाचणीवरचे परिपत्रक त्याआधी निघावे, ही विनंती.

कळावे.